तुमा समजून घ्यायचीय? आधी माठात पाल पडू द्या

भाच्याच्या बार मिट्झवाला (तेराव्या वर्षी मुलगा धर्माने सज्ञान होतो, तो सोहळा) नेमकी तझरिया-मेत्झोरा ही परशा (तोरातला, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांतला, त्या आठवड्याचा पाठ) आली आणि त्याचं तोंड उतरलं. चट्टे, स्राव, बाळंतपण, आणि हे तेरा वर्षांच्या पोराने अख्ख्या मशिदीपुढे वाचायचं! (आम्ही बेने इस्राएल, महाराष्ट्रातले ज्यू, सिनेगॉगला म्हणजे आमच्या प्रार्थनाघराला पूर्वीपासून मशीदच म्हणत आलो.) शिकवायला मी बसले आणि पहिल्याच दिवशी आपटले. या चट्ट्यांना तोरात त्झाराअत म्हणतात; त्झाराअत म्हणजे कुष्ठरोग, असं सांगून मोकळी झाले. पोरगं म्हणालं, "मावशी, मग भिंतीला कुष्ठरोग कसा होतो?"

म्हणून सांगते, तुमा म्हणजे विधीची अशुद्धता समजून घ्यायला तोराच्या लेवीय या पुस्तकातले अध्याय ११ ते १५ वाचायला बसाल तर ११ पासून नका सुरू करू. १४:३३ उघडा. घराच्या भिंतीवर हिरवे-तांबडे चट्टे उठलेत. कोहेन, म्हणजे याजक, तपासायला येणार, पण त्याआधी तो सामान बाहेर काढायला लावतो, कारण त्याने एकदा 'अशुद्ध' म्हटलं की आतलं सगळं त्यात सापडणार. जंतू काय कोहेनच्या तोंडाकडे बघत थांबतात? मग १३:१२-१३ वाचा. चट्टा डोक्यापासून पायापर्यंत पसरून माणूस पुरता पांढरा झाला, तर तो शुद्ध! हे आरोग्यखात्याचं पत्रक नाही, एवढं इथे पटतं.

आता ११व्या अध्यायाकडे या, पण स्वयंपाकघरात उभं राहून. श्लोक २९-३० मध्ये आठ सरपटणारे-रांगणारे प्राणी आहेत, पाल त्यांतच धरतात. समजा, मेलेली पाल पाण्याच्या माठात सापडली. पाणी गेलं आणि माठ फोडायचा, मातीला दुसरा उपाय नाही. ती लाकडी डावावर पडली, तर डाव पाण्यात टाका, संध्याकाळी शुद्ध. विहिरीत पडली तर विहीर शुद्धच राहते, प्रेताला हात लावणारा तेवढा अडकतो. पेरायच्या कोरड्या बियाण्याला काही होत नाही, बियाणं भिजलेलं असलं तर होतं. दगडाचं यात नावच नाही. म्हणूनच यरुशलेमच्या दुसऱ्या मंदिराच्या शेवटच्या काळातली दगडी भांडी तिथे आणि गालीलात ढिगाने सापडतात. भाच्याला हा अध्याय आमच्या ओट्यापाशी एका दुपारी पाठ झाला.

मराठी वाचकाला खरी अडचण 'विटाळ' या शब्दाची. तो मनात आला की मागोमाग जात येते. तुमा कुणाला जन्माने चिकटत नाही, आणि तिच्यातून मुख्य याजकही सुटत नाही. त्यापेक्षा 'सुतक' ठेवून वाचा. सुतक नात्याने येतं आणि ही स्पर्शाने, हा फरक आहेच, पण ठरावीक दिवस, देवघर बंद, आणि त्यात पाप कसलंच नाही, हे जुळतं. मेलेल्याला पुरणं हे तर पुण्यकर्म, आणि सात दिवसांची जड तुमा लागते ती त्यानेच (गणना १९). तिसऱ्या आणि सातव्या दिवशी तांबड्या गायीच्या राखेचं पाणी शिंपडायचं. अडतं ते मंदिरात जाणं आणि अर्पणातलं खाणं.

१२वा अध्याय मात्र गोड करून सांगू नका. मुलगा झाला तर ७ आणि ३३ दिवस, मुलगी झाली तर १४ आणि ६६. दुप्पट का, ते मजकुरात लिहिलेलं नाही. भाच्याने विचारलं तेव्हा मी हेच सांगितलं. मला ते खुपतं, हेही सांगितलं.

इ. स. ७० मध्ये मंदिर पडलं, राखही राहिली नाही. आज मिकवेत, म्हणजे विधीच्या स्नानाच्या टाक्यात, बुडी आहे, ४० सेआ (जुनं माप) पाण्याची, मुख्यतः पाळीनंतर बायकांची. कोहेन घराण्यातले पुरुष कबरस्तानात पाऊल टाकत नाहीत. बाकीचे आम्ही जातो आणि बाहेर पडताना हात धुतो. आमच्या घरात तेव्हा तांब्या एकाने दुसऱ्याच्या हातात द्यायचा नसतो. परवा एका दफनाहून निघताना भाच्याने हात धुतले, माझ्याकडे तांब्या पुढे केला, थबकला, आणि वाकून तो फरशीवर ठेवला. मी उचलला.