मीठ कमी करताना मसाले कधी आणि कसे घालावेत

मीठ कमी करायचे ठरले की पहिल्याच दिवशी एक हमखास चूक होते. मीठ अर्धे पडते आणि भरपाई म्हणून मसाला दुप्पट. मीही तेच केले होते. दोन चमचे गरम मसाला घातलेली ती भाजी अळणी तर लागलीच, वर कडवटही झाली. कारण नंतर कळले. मीठ नुसता खारटपणा आणत नाही, पदार्थातला कडूपणा झाकायचे कामही तेच करते. लवंग, मेथी, हळद यांना मुळातच कडवट अंग असते. झाकण काढायचे आणि आत कडू वाढवायचे, मग दुसरे काय होणार?

म्हणून मिठाची जागा कुणा एकाच मसाल्याला देऊ नका. आंबट, खमंग, तिखट आणि सुवासिक अशा चौघांत ते काम वाटून द्या, आणि किती घालता यापेक्षा कधी घालता याकडे जास्त लक्ष ठेवा.

आधी मोजा

जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. हे चहाच्या एका सपाट चमच्याहूनही थोडे कमी भरते, आणि त्यात पिठातले, भाजीतले, वरून घेतलेले, विकतच्या पदार्थांतले असे सगळेच आले.

घरात नेमके किती जाते हे कळायला सोपी युक्ती आहे. मिठाची १ किलोची पिशवी फोडाल तेव्हा तिच्यावर तारीख लिहा. चार मोठी माणसे रोज ५-५ ग्रॅम खात असतील तर ती ५० दिवस पुरेल. ३० दिवसांतच संपली, तर माणशी ८ ग्रॅमच्या वर खर्च होतो आहे. बाहेरून येणारे मीठ याखेरीज. आणि हो, मीठ चिमटीने घालायचे सोडा, चमच्याने घाला. हाताचा अंदाज मनाच्या कलाने वाढतो.

एकदम तोडू नका

एक चमचा लागत असेल तिथे पाऊण करा. दोन आठवडे तेच प्रमाण ठेवा, मग अर्ध्याकडे या. जिभेला नव्या प्रमाणाची सवय व्हायला काही आठवडे लागतात. त्यानंतर जुन्या प्रमाणाचे जेवण खारट वाटू लागते. घरात याची दवंडी पिटू नये असे माझे मत आहे. सांगितले की त्याच घासाला सगळ्यांना अळणी लागते.

रस्सा आटवायचा असेल तर मीठ आटल्यावर घाला. पाणी उडून जाते, मीठ मागे राहते, आणि सुरुवातीला बेताचे वाटलेले प्रमाण शेवटी जास्त होते. कोरड्या पदार्थांत थोडे मीठ राखून ते शेवटी वरून भुरभुरवा. जिभेला आधी लागतो तो वरचा थर, त्यामुळे तेवढ्यात भागते.

आता मसाल्यांकडे

सगळ्यात मोठी मदत आंबटाची होते. लिंबू, चिंच, व्हिनेगर, आमचूर, यातले जे हाताशी असेल ते. पदार्थ चाखला, काहीतरी कमी वाटले आणि हात मिठाकडे गेला, की आधी लिंबाचे चार थेंब पिळून पुन्हा चाखा. बरेचदा कमी पडलेले असते ते आंबटच. लिंबू गॅस बंद केल्यावर पिळा, उकळल्यावर त्याचा वास जातो. डाळ आणि कडधान्ये मात्र पूर्ण शिजल्याशिवाय त्यांत आंबट घालू नका, दाणे लवकर मऊ होत नाहीत.

दुसरे काम भाजण्याचे. जिरे, धने, तीळ कोरड्या तव्यावर मंद आचेवर हलवत राहा. वास सुटला की लगेच ताटलीत काढा, कारण गॅस बंद केला तरी तापलेला तवा त्यांना जाळतच असतो. गार झाल्यावर कुटा. आठवड्याला पुरेल एवढीच पूड करा. पूड झाली की वास भराभर उडतो. मिरीचे तर कुटल्याक्षणी वापरणेच उत्तम. दोन महिने डब्यात पडलेली मिरपूड आणि आत्ता खलबत्त्यात कुटलेली मिरी, दोन्ही एकदा शेजारी ठेवून हुंगून पाहा.

तिसरे, तेल. मसाल्यांतली बरीच सुगंधी द्रव्ये पाण्यापेक्षा तेलात चांगली उतरतात. अख्खे मसाले आधी, आले-लसूण नंतर, आणि पूड अगदी शेवटी, आच कमी करून. पूड करपेल असे वाटले तर चमचाभर पाणी शिंपडा. करपलेला मसाला कमी मिठात लपत नाही. लसूण चिरून किंवा ठेचून दहाएक मिनिटे तशीच राहू द्या. तिचा उग्र वास पाकळी फुटल्यावरच तयार होतो. कांदा सावकाश परतून तांबूस केला की त्याचा गोडवा कडवटपणाला आवरतो.

ओल्या पानांचा नियम छोटा आहे. कोथिंबीर, पुदिना, शेपू, बेसिल अशी कोवळी पाने शेवटी. रोजमेरी, थाइम, तमालपत्र ही चिवट मंडळी सुरुवातीला. वाळलेली पाने ओल्या पानांच्या साधारण एक तृतीयांश पुरतात.

यात न बसणारे दोन मदतनीस म्हणजे टोमॅटो आणि मशरूम. दोन्हींत एक भरलेली, मांसल चव असते आणि तिच्यामुळे मीठ कमी असल्याचे जाणवत नाही. वाळलेले मशरूम भिजवले तर ते पाणी टाकू नका, गाळून रश्श्यात घाला.

तिखटाबद्दल एवढेच, की मिरची वाढवणे हा आळशी उपाय आहे. तोंड भाजते, चव येत नाही.

कशाबरोबर काय

बटाटा मीठ फार मागतो. त्याला लसूण, मिरी आणि शेपू किंवा रोजमेरी द्या. डाळींना जिरे, लसूण आणि शेवटी लिंबू. शेंगभाज्यांना ओवा. भोपळा, गाजर यांना चिमूटभर जायफळ किंवा दालचिनी, मीठ जवळजवळ लागत नाही. माशाला बडीशेप आणि लिंबू. दही-काकडीला भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि पुदिना. भात शिजताना तमालपत्र किंवा दालचिनीचा तुकडा टाकून मीठ पूर्ण गाळले तरी चालते. सोबतच्या पदार्थात ते असतेच.

लपलेले मीठ

तयार मसाल्याच्या पाकिटांत, सूपच्या वड्यांत, सोया सॉसमध्ये मीठ भरपूर असू शकते. वेष्टनावर बहुधा सोडियमचा आकडा असतो; त्याला अडीचने गुणले की मीठ मिळते. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे साधारण १ ग्रॅम मीठ. १०० ग्रॅम पदार्थात १२० मिलिग्रॅमपर्यंत सोडियम असेल तर तो कमी सोडियमचा समजतात. खाण्याच्या सोड्यातही सोडियम असते, तेव्हा कडधान्ये मऊ करायला तो वापरण्यापेक्षा रात्रभर भिजत घाला.

सैंधव किंवा काळे मीठ घेतले म्हणून सुटका होत नाही. दोन्हींत मुख्यतः सोडियम क्लोराइडच असते. साध्या मिठातले आयोडीन मात्र त्यांत असेलच असे नाही, म्हणून मीठ आयोडीनयुक्तच ठेवा, फक्त कमी वापरा. ‘लो सोडियम’ मिठात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम घातलेले असते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना आणि रक्तदाबाची काही औषधे घेणाऱ्यांना ते घातक ठरू शकते, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. लिथियमची गोळी चालू असेल तर मिठाचे प्रमाणही स्वतःच्या मनाने बदलू नका, रक्तातली लिथियमची पातळी वाढू शकते.

इथे हात आखडू नका

लोणच्यात आणि खारवून टिकवायच्या पदार्थांत मीठ चवीसाठी नसतेच, ते नासू न देण्यासाठी असते. तिथे अंदाजाने कमी केले तर बरणी फुकट जाते. लोणचे नेहमीच्या प्रमाणातच घाला आणि वाढताना अर्धी फोड वाढा. यीस्ट घालून फुगवायच्या पिठातही मीठ पूर्ण गाळले तर पीठ भरभर फुगते आणि सैल पडते. थोडे कमी केलेले चालते.