गगनयानसाठी खासदारांकडे जाताय? मग या चुका टाळा

गेली दोन वर्षं आम्ही पुण्यातले सात-आठ जण खासदारांच्या ऑफिसांच्या पायऱ्या चढतोय. कोणी आयटीतलं, कोणी शाळेत शिकवणारं, एक काका बँकेतून रिटायर झालेले, आणि सगळे अमावास्येला वेल्ह्याकडे आकाश बघायला जाणारे. काम एकच, गगनयानला (आपली माणसं आपल्याच रॉकेटने अवकाशात पाठवायची इस्रोची मोहीम) आणि त्यापुढच्या भारतीय अंतराळ स्थानकाला पैसा सलग मिळत राहावा, मध्येच तुटू नये. २०२५ च्या जूनमध्ये अंतराळवीर शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय स्पेस स्टेशनवर गेले तेव्हापासून ओळखीतले बरेच जण विचारायला लागलेत की आम्हालाही पत्र द्यायचंय, काय लिहू, कोणाला देऊ. म्हणून हे लिहितेय. यातल्या बऱ्याच चुका आम्ही स्वतः केल्यात आणि त्यात पूर्ण एक वर्ष गेलं, तुमचं जाऊ नये.

आपला खासदार कोण हेच चुकतं

पुण्यात राहतो म्हणजे आपला खासदार पुण्याचा, असं नाहीये. धायरी, वारजे खडकवासला विधानसभेत येतात आणि खडकवासला जोडलंय बारामती लोकसभेला. हडपसर, मगरपट्टा, भोसरी शिरूरमध्ये, पिंपरी आणि चिंचवड मावळमध्ये. आमच्यातले निम्मे सिंहगड रोडच्या त्या टोकाचे, आणि पहिलं पत्र आम्ही शहरातल्या ऑफिसात देऊन आलो. तिथल्या माणसाने नीट ठेवून घेतलं, पाणी विचारलं, पण आम्ही त्यांचे मतदारच नव्हतो तर ते पुढे कशाला ढकलतील. तीन महिने वाट बघत बसलो. आधी मतदार कार्ड काढा, विधानसभा बघा, मग लोकसभा बघा, आणि पत्रात नावाखाली तो मतदारसंघ लिहा.

दुसरी गोष्ट. पुण्याचे खासदार मुरलीधर मोहोळ केंद्रात राज्यमंत्री आहेत, आणि मंत्री असलेला खासदार सभागृहात दुसऱ्या खात्याला प्रश्न विचारत नाही, संसदेच्या स्थायी समितीतही (खात्यांचं काम आणि पैशाच्या मागण्या तपासणारी खासदारांची समिती) बसत नाही. त्यामुळे कोथरूड, कसब्यातले लोक "आमचा प्रश्न लोकसभेत मांडा" असं लिहून देतात तेव्हा ते अशी गोष्ट मागतात जी तिथून होऊच शकत नाही. मंत्र्यांकडे मागायचं ते वेगळं, सरकारच्या आत त्यांनी शब्द टाकावा, संबंधित मंत्र्यांना पत्र लिहावं. प्रश्नासाठी राज्यसभेचा रस्ता आहे. राज्यसभेचे खासदार पूर्ण राज्याचे असतात त्यामुळे महाराष्ट्रातला कोणीही त्यांच्याकडे जाऊ शकतो, आणि पुण्यातून मेधा कुलकर्णी राज्यसभेवर आहेत.

नगरसेवक आणि आमदारांकडे या कामाला जाऊ नका, अंतराळ विभाग केंद्राचा आहे. आणि खासदार निधीतून द्या असंही कोणी सुचवू नका (सुचवतात, खरंच), ते वर्षाचे ५ कोटी मतदारसंघातल्या कामांसाठी असतात.

"बजेट वाढवा" ही मागणीच चुकीची आहे

ही सगळ्यात मोठी चूक आणि सगळ्यात जास्त होणारी. होतं असं की आपण नेटवर शोधतो, अमेरिकेतल्या लोकांनी नासासाठी लिहिलेली पत्रं सापडतात, त्यात "या वर्षी नासाला इतके अब्ज डॉलर द्यायला मत द्या" असं असतं, आणि आपण नासाच्या जागी इस्रो टाकून तेच मराठीत उतरवतो. पण तिकडची काँग्रेस स्वतः आकडा बदलू शकते. २०२६ साठी व्हाइट हाउसने नासाचे पैसे जवळपास चोवीस टक्के कमी करायचा प्रस्ताव दिला तेव्हा लोक आपापल्या प्रतिनिधींकडे गेले ते याच कारणाने, की आकडा त्यांच्या हातात असतो.

आपल्याकडे घटनेचं कलम ११३ बघा. सरकार अनुदानाच्या मागण्या, म्हणजे कुठल्या खात्याला किती पैसे हवेत ते, मांडतं, लोकसभा ती मागणी मान्य करू शकते, नाकारू शकते किंवा कमी करू शकते. वाढवू शकत नाही. राज्यसभा तर त्यावर फक्त चर्चा करते, मत देत नाही. म्हणजे खासदाराने कितीही मनावर घेतलं तरी अंतराळ विभागाचा आकडा एका रुपयाने वर नेणं त्याच्या हातात नाही. जी कपात सूचना असते ती नावाप्रमाणे कपातीचीच असते.

मग खासदार करतो काय? प्रश्न विचारतो, शून्य प्रहरात (प्रश्नोत्तरांच्या तासाबाहेर तातडीचे विषय मांडायची वेळ) किंवा लोकसभेच्या नियम ३७७ खाली विषय मांडतो, मंत्र्यांना पत्र लिहितो, आणि तो विज्ञान-तंत्रज्ञान, पर्यावरण, वने आणि हवामान बदल या विषयांच्या स्थायी समितीवर असेल तर अंतराळ विभागाच्या मागण्या तिथे तपासतो. या समितीत ३१ जण असतात, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. आपल्या चारही मतदारसंघांतलं किंवा राज्यातलं कोणी त्यात आहे का हे आधी संसदेच्या साइटवर बघा, सदस्य बदलत असतात. असेल तर ते एक दार बाकी दहा दारांपेक्षा कामाचं.

आणि अजून एक कारण आहे "वाढवा" न म्हणण्याचं, ते आम्हाला एका ऑफिसातल्या पीएंनी दाखवलं. मी मोठ्या तावातावाने सांगत होते की पैसा कमी पडतोय, त्यांनी ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, "ताई, दिलेले तरी खर्च होतायत का ते बघितलंत का?" मी बघितलं नव्हतं. घरी येऊन बघितलं. २०२०-२१ ला अंतराळ विभागाचा अर्थसंकल्पीय अंदाज साधारण १३,४७९ कोटी होता, सुधारित अंदाजात, म्हणजे वर्षाच्या मध्यात सरकार आकडा परत बघतं त्यात, तो ९,५०० वर आला. ते कोविडचं वर्ष होतं, ठीक आहे. पण २०२२-२३ लाही १३,७०० चे १०,५३० झाले. फेब्रुवारीच्या बातमीत जो आकडा येतो तो वर्षभर टिकत नाही, आणि मानवी मोहिमेला सगळ्यात जास्त धक्का या मधल्या घसरणीचा बसतो, कारण एक चाचणी पुढे गेली की त्याच्यामागे रांगेत असलेलं सगळंच पुढे जातं.

तेव्हापासून आमचं पत्र बदललं. आता आम्ही विचारतो, गगनयानसाठी मागच्या तीन वर्षांत तरतूद किती, सुधारित अंदाज किती, प्रत्यक्ष खर्च किती, आणि तफावत असेल तर कुठल्या चाचण्यांमुळे. एवढंच. हे असं विचारलं की सरकारला लेखी उत्तर द्यावं लागतं, ते उत्तर कायम रेकॉर्डवर राहतं आणि पुढच्या वर्षी त्याच्यावर बोट ठेवून बोलता येतं.

प्रश्न लिहून देताना काय चुकतं तेही सांगते. लोकसभेचा प्रश्न साधारण १५० शब्दांच्या आत बसवायचा असतो, त्यात भाषण चालत नाही, टोमणे चालत नाहीत, मत विचारलेलं चालत नाही. "सरकार अंतराळवीरांबद्दल उदासीन का आहे" असा प्रश्न बाहेरच पडतो. आणि तारांकितचा, म्हणजे मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात त्या प्रश्नाचा, हट्ट धरू नका. लोकसभेत दिवसाला २० तारांकित घेतात, तेही चिठ्ठ्या काढून, अतारांकित २३० असतात. अतारांकितचं उत्तर लेखी येतं, आपल्याला तेच हवंय. सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते म्हणजे अधिवेशन सुरू झाल्यावर पळापळ करून उपयोग नाही, तारखा जाहीर झाल्या की लगेच ऑफिसात जा.

वेळ

१ फेब्रुवारीनंतर "या बजेटमध्ये घ्या" म्हणून जाऊ नका, तोवर आकडे छापून झालेले असतात. खात्यांचं पुढच्या वर्षाचं आकड्यांचं काम पावसाळा संपता संपता सुरू होतं, गणपती ते दिवाळी हा आपला पत्रांचा काळ. फेब्रुवारी-मार्चमध्ये अधिवेशनाच्या मधल्या सुट्टीत स्थायी समित्या मागण्या तपासतात, समितीवरच्या खासदाराला भेटायचं ते त्याच्या आधी.

चुकीचे दाखले

वेल्क्रो आणि टेफ्लॉन अंतराळ मोहिमांतून आले असं पत्रात लिहू नका. टेफ्लॉन १९३८ सालचं आहे, नासा स्थापन झाली १९५८ ला, आणि वेल्क्रो एका स्विस इंजिनिअरचं. समोरचा माणूस मोबाइलवर दोन मिनिटांत बघतो आणि मग आपली बाकीची खरी वाक्यं पण त्याला संशयास्पद वाटायला लागतात.

पुण्यात अजून एक गल्लत नेहमी होते. आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आपल्याकडे, नारायणगावजवळ खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आपल्याकडे, म्हणून लोक पत्रात तेही घालतात. दोन्ही संस्थांचा मलाही अभिमान आहे पण आयुकाला पैसे येतात यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) वाटेने आणि जीएमआरटी अणुऊर्जा खात्याच्या, अंतराळ विभागाच्या मागणीत हे दोन्ही नाहीत. तसंच हवामान उपग्रहांचं. ते फार कामाचे आहेत, पण माणूस अवकाशात का पाठवायचा याचं उत्तर त्यात नाही, आणि हुशार खासदार लगेच विचारतो की मग उपग्रहच पाठवा की.

आम्ही काय सांगतो ते लिहिते. आंतरराष्ट्रीय स्पेस स्टेशन २०३० च्या सुमारास बंद करायचं ठरलंय, त्यानंतर आपल्या शास्त्रज्ञांना प्रयोग करायला जागा हवी असेल तर ती आपली हवी. शुक्लांनी वर जाऊन मूग आणि मेथी रुजवून बघितली, तो प्रयोग धारवाडच्या संस्थांचा होता. उद्या असा प्रयोग आपल्या विद्यापीठातल्या मुलांचा का नको? जानेवारी २०२५ मध्ये स्पेडेक्सचे दोन उपग्रह अवकाशात एकमेकांना जोडले गेले, स्थानक बांधायचं तर हे यावंच लागतं. आणि मतदारसंघाचं काहीतरी सांगा. बारामतीत जात असाल तर इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर सांगा, तिथे इस्रोच्या रॉकेटची मोटर केसिंग (इंधन भरायची धातूची मोठी नळकांडी) बनतात, म्हणजे पैसा सलग आला तर तिथल्या वेल्डरचं आणि मशिनिस्टचं काम सलग राहतं. राकेश शर्मा आणि शुभांशु शुक्ला दोघंही खडकवासल्याच्या एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, शिकले. हे सांगितल्यावर एका ऑफिसात मागे बसलेले दोन कार्यकर्ते उठून पुढे आले, त्यांना माहीतच नव्हतं.

"आधी गरिबांचं बघा"

हा प्रश्न येणारच आणि तो उडवून लावणं ही चूक. ज्या बाकावर आपण बसतो त्याच बाकावर शेजारी कोणीतरी ऑपरेशनच्या मदतीसाठी फाइल घेऊन बसलेलं असतं. मी एकदा एका आजींच्या शेजारी दोन तास बसले होते, त्यांच्या नातवाच्या हृदयाचं ऑपरेशन होतं, आणि माझ्या हातातलं पत्र मला खूप हलकं वाटायला लागलं. आजींना आत आधी सोडलं, तसंच व्हायला पाहिजे. त्या दिवसापासून आम्ही गर्दीच्या वेळी जात नाही, वेळ घेऊन जातो. उत्तर द्यायचं ते आकड्याने आणि नम्रपणे. २०२५-२६ मध्ये पूर्ण अंतराळ विभागाला १३,४१६ कोटी होते आणि केंद्राचं एकूण बजेट साधारण ५०.६५ लाख कोटी, म्हणजे शंभर रुपयांतले २६ पैसे, त्यातही मानवी मोहीम हा एक भाग. आजींच्या नातवाचे पैसे त्या २६ पैशांत अडकलेले नाहीत, असं मला मनापासून वाटतं, आणि तसंच मी सांगते.

आकड्याबद्दल अजून एक. २०,१९३ कोटी हा गगनयान कार्यक्रमाचा सप्टेंबर २०२४ ला मंजूर झालेला एकूण खर्च आहे, आठ मोहिमांचा, स्थानकाच्या पहिल्या मॉड्यूलसकट. तो वर्षाचा नाही. आमच्याच एका पत्रात "दरवर्षी" असं गेलं होतं आणि ते पत्र परत आणून बदलून द्यावं लागलं.

"२०२२ ला जाणार होते ना?"

हो, २०१८ च्या १५ ऑगस्टला तसंच जाहीर झालं होतं. इथे लोक गडबडतात आणि काहीतरी नवीन तारीख ठोकून देतात. नका देऊ. उशीर झालाय हे मान्य करा आणि कारण सांगा. माणूस बसणार म्हणून रॉकेट, कॅप्सूल, पॅराशूट सगळं वेगळ्या दर्जाने तपासावं लागतं. ऑक्टोबर २०२३ ला श्रीहरिकोटाहून फक्त आपत्कालीन सुटकेच्या यंत्रणेची चाचणी झाली, एवढ्या एका गोष्टीसाठी पूर्ण वेगळं उड्डाण करावं लागलं. तीन जीव आत बसणार आहेत, त्यांच्यासाठी थांबलेले दिवस वाया गेले असं मी कधी म्हणणार नाही. पण पैशाअभावी थांबलेले दिवस असतील तर त्याचा जाब विचारायचा, आपलं पत्र त्यासाठीच आहे.

भेटवस्तू, खर्च वगैरे

काहीही देऊ नका. "दिल्लीला आलात तर जेवण आमच्याकडून" हे सुद्धा नको. २००५ मध्ये प्रश्नांसाठी पैसे घेतल्याच्या प्रकरणात ११ खासदारांना संसदेतून काढलं होतं, तेव्हापासून ऑफिसं सावध असतात आणि ते बरोबरच आहे. प्रश्नाचा कच्चा मसुदा द्या, टाकायचा की नाही ते त्यांनी ठरवायचं.

पत्र दिलं, पुढे काहीच नाही

पहिल्यांदा बघा की पोच घेतली होती का. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर, हे नसेल तर ते पत्र दिलंच नाही असं समजा आणि परत द्या. पोच असेल तर तीन आठवड्यांनी फोन करा, खासदारांना नाही, पीएंना, आणि "काय झालं" विचारण्यापेक्षा "प्रश्नाचा मसुदा आणून देऊ का, इंग्रजी पण करून देते" असं विचारा. त्यांच्याकडे काम फार असतं, तयार मसुदा दिला की ते पुढे सरकतं. पत्र चार पानांचं असेल तर एक पान करा. पन्नास जणांनी एकच मजकूर फॉरवर्ड केलेला असेल तर त्याला एकच पत्र धरतात, त्यापेक्षा पाच जणांनी स्वतःच्या शब्दांत लिहिलेली पाच चांगली.

आणि प्रश्न लागला, उत्तर आलं, तर बरेच जण तिथेच थांबतात. सध्या अंतराळ विभागाची उत्तरं लोकसभेत बुधवारी आणि राज्यसभेत गुरुवारी येतात, साइटवरून पीडीएफ उतरवा, दोन प्रिंट काढा, एक स्वतःकडे ठेवा आणि एक घेऊन त्याच ऑफिसात जा. पीएंना धन्यवाद द्या, त्यांच्यासमोर उत्तर वाचा, आणि ज्या ओळीत आकडा द्यायचा टाळलाय तिच्याखाली पेनाने रेघ मारून पुढच्या अधिवेशनाचा मसुदा तिथेच हातात द्या.