घरात एमएसचे निदान झाल्यावर: सुरुवातीच्या महिन्यांत काय समजून घ्यावे

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजेच एमएस, बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान गाठतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये दुपटी-तिपटीने अधिक आढळतो. तो समूळ बरा करणारे औषध आज उपलब्ध नाही. मात्र त्याला आवर घालणारी औषधे आहेत, आणि ती जितक्या लवकर सुरू होतात तितकी पुढील हानी टळण्याची शक्यता वाढते.

या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसा यांतील मज्जातंतूंवरच्या मायलिन नावाच्या स्निग्ध आवरणावर हल्ला करते. इजा नेमकी कोठे झाली त्यावर लक्षण ठरते: एका डोळ्याला धूसर दिसणे व डोळा फिरवताना दुखणे, पाय बधिर होणे, चालताना तोल जाणे, लघवीची घाई होणे, मान खाली घालताच पाठीतून विजेसारखी सणक जाणे. त्यामुळे ओळखीतल्या दुसऱ्या रुग्णावरून आपल्या माणसाचे भविष्य ठरवू नये. हा आजार संसर्गजन्य नाही. आई किंवा वडील यांपैकी एकाला एमएस असल्यास मुलाला तो होण्याची शक्यता शेकडा 2 ते 3 च्या आसपास असते. म्हणून सुनेच्या माहेरावर ठपका ठेवणे हे अज्ञान तर आहेच, शिवाय तो त्या मुलीवर अन्याय आहे.

निदान एमआरआय, लक्षणांचा इतिहास आणि गरजेनुसार पाठीच्या कण्यातील पाण्याची तपासणी यांवरून होते. एनएमओ आणि मॉग या एमएससारख्याच भासणाऱ्या आजारांच्या अँटिबॉडीची रक्ततपासणी झाली आहे का, हे न्यूरॉलॉजिस्टना विचारण्यात संकोच करू नये, कारण एमएसवरील काही औषधे एनएमओच्या रुग्णाला अपाय करू शकतात.

सुमारे 85 टक्के रुग्णांमध्ये आजार सुरुवातीला झटक्यांच्या रूपात येतो: लक्षणे उद्भवतात, काही आठवड्यांत ओसरतात आणि माणूस पुन्हा कामाला लागतो. माझ्या मते कुटुंबाची खरी कसोटी या बऱ्या काळातच असते. लक्षण नसतानाही एमआरआयमध्ये नवे डाग उमटू शकतात, आणि आजार आटोक्यात ठेवणारी इंजेक्शने वा गोळ्या नेमक्या याच काळासाठी असतात. ‘आता बरे वाटते आहे, मग एवढे महाग औषध कशाला’ असे म्हणून ते परस्पर बंद केल्यास काही औषधांच्या बाबतीत आजार उसळून येतो. खर्च झेपत नसेल तर तसे डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. अनेकदा पर्याय निघतो. औषध निवडण्यापूर्वी क्षयरोग व हिपॅटायटिस बी यांच्या तपासण्या आणि राहिलेल्या लसी यांबद्दल विचारून घ्यावे.

प्रत्येक त्रास म्हणजे नवा झटका नव्हे. ताप किंवा लघवीचा संसर्ग नसताना नवे लक्षण 24 तासांहून अधिक टिकले, तर झटक्याची शंका घ्यावी आणि डॉक्टरांना कळवावे. तीव्र झटक्यात बहुधा 3 ते 5 दिवस सलाइनमधून स्टिरॉइड देतात. याउलट, विदर्भातल्या मे महिन्यात बाजारातून परतल्यावर किंवा कढत पाण्याने अंघोळ केल्यावर डोळ्यापुढे धूसर झाले आणि पंख्याखाली बसल्यावर तासाभरात निवळले, तर तो उष्णतेचा परिणाम असतो. तेव्हा नवी इजा झालेली नसते. हा फरक ओळखण्यासाठी एक वही ठेवावी आणि तीत मोजकेच लिहावे: ‘मंगळवार, सकाळी सात. उजव्या तळपायाला मुंग्या. ताप नाही. रात्रीही तसेच.’ अशा चार ओळी पुढच्या भेटीत डॉक्टरांना फार उपयोगी पडतात.

थकवा हे सर्वांत गैरसमज होणारे लक्षण आहे. रात्रभर झोप होऊनही दुपारी ताट उचलण्याचे त्राण राहत नाही, आणि बाहेरून काहीच दिसत नसल्याने घरचे आळस समजतात. जड कामे सकाळच्या गारव्यात उरकावीत, मधे विसावा ठेवावा, पण व्यायाम सोडू नये. फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने केलेला नियमित व्यायाम थकव्यावरही गुणकारी ठरतो. तंबाखूचे धूम्रपान मात्र सोडावेच, कारण त्याने आजार वेगाने वाढतो.

एमएस असूनही स्त्रीला आई होता येते. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तिमाहीत, झटके कमी होतात आणि बाळंतपणानंतरच्या सुमारे तीन महिन्यांत पुन्हा वाढू शकतात. काही औषधे गर्भाला घातक असल्याने दिवस राहण्याआधीच न्यूरॉलॉजिस्ट व स्त्रीरोगतज्ज्ञ यांच्याशी बोलणे आवश्यक आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मध्ये समाविष्ट असलेल्या 21 दिव्यांगत्वांत एमएसही आहे. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचे ओळखपत्र) ऑनलाइन अर्ज करून सरकारी रुग्णालयात तपासणी करून घ्यावी लागते, आणि दिव्यांगत्व 40 टक्के वा अधिक ठरल्यास शिक्षणातील आरक्षणासारख्या तरतुदींचा लाभ मिळू शकतो. मुंबई आणि पुण्यात शाखा असलेल्या मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियाकडेही संपर्क साधावा. या वाटेवरून आधी गेलेली कुटुंबे तेथे भेटतात.