स्क्रीन बंद झाली की वावराचं क्षेत्र मोजणारं अ‍ॅप थांबतं : माझा अनुभव

मोबाईल खिशात ठेवून धुऱ्यानं चाललो, तर नकाशात दोन कोपरे गायब, मधे सरळ रेघ. अ‍ॅप काढून परत टाकलं, फोन रीस्टार्ट केला, फरक शून्य. तीनदा पऱ्हाटीभोवती फिरून पायांची वाट लागली.

दोष जीपीएसचा नव्हता. अँड्रॉइड ८ (२०१७) पासून स्क्रीनवर नसलेल्या, मागे चालणाऱ्या अ‍ॅपला लोकेशन तासातून मोजक्याच वेळा मिळतं. सूट मिळते ती वर सतत नोटिफिकेशन दाखवत चालणाऱ्या अ‍ॅपला, आणि ते नोटिफिकेशन मी कटकट म्हणून बंद केलं होतं, त्यामुळे मोजणी चालू आहे की थांबली ते कळतच नव्हतं!

आधी बॅटरी सेव्हर बंद. मग सेटिंग्ज, अ‍ॅप्स, ते अ‍ॅप, बॅटरी, ‘अनरिस्ट्रिक्टेड’. तिथंच नोटिफिकेशन चालू. मोजणी स्क्रीन चालू असतानाच सुरू करायची, वर नोटिफिकेशन दिसलं की मगच लॉक. काल चारही कोपरे आले.