अक्षरांवरून इंग्रजी शब्द शोधताय? या चुका टाळा

वर्डलमध्ये, म्हणजे पाच अक्षरी इंग्रजी शब्द सहा प्रयत्नांत ओळखायच्या खेळात, दोन अक्षरं हिरवी झाली आहेत, म्हणजे ती बरोबर जागी आहेत. हाती आलेली सगळी माहिती तुम्ही वर्ड फाइंडरमध्ये, म्हणजे अक्षरांवरून शब्द शोधून देणाऱ्या साइटवर, भरलीत, बटण दाबलंत आणि उत्तर आलं: शून्य शब्द. अशा वेळी बहुतेक जण ती साइट बंद करून दुसरी उघडतात. तिथेही शून्यच येतं, कारण घोळ साइटमध्ये नसून आपण भरलेल्या माहितीत असतो.

त्यातही सगळ्यात जास्त फसवतं ते दोनदा येणारं अक्षर. समजा तुम्ही 'लेव्हल' टाकलात: एल, ई, व्ही, ई, एल. उत्तर आहे 'लेमन': एल, ई, एम, ओ, एन. पहिला एल आणि पहिला ई हिरवे होतात, उरलेले व्ही, ई, एल राखाडी. एरवी राखाडी म्हणजे ते अक्षर शब्दात नाही. आता हे तिन्ही राखाडी तुम्ही 'नको असलेली अक्षरं' या रकान्यात भरलेत, तर एका हाताने सांगितलंत की शब्द एलने सुरू होतो आणि दुसऱ्या हाताने सांगितलंत की त्यात एल नाहीच. असा शब्द येणार कुठून? इथे राखाडीचा अर्थ 'हे अक्षर नाही' असा नसून 'हे अक्षर आणखी एकदा नाही' असा आहे. वगळायच्या रकान्यात फक्त व्ही जातो. आणि दुसऱ्या एलची ती राखाडी चौकट वाया गेलेली नाही बरं का! यादीतले दोन एल किंवा दोन ई असलेले शब्द तुम्ही आता स्वतःच खोडू शकता.

दुसरी चूक रकाना निवडतानाच होते. 'ही अक्षरं असलेले शब्द' आणि 'या अक्षरांतूनच बनणारे शब्द' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. स्क्रॅबलमध्ये, म्हणजे अक्षरांच्या टाइल्स लावून शब्द बनवायच्या खेळात, तुमच्या हातात ए, ई, आय, एन, आर, एस, टी आहेत असं धरा. पहिल्या रकान्यात ती भरलीत तर 'रिस्ट्रेनिंग'सारखा अकरा अक्षरी शब्दही समोर येईल. त्यात ही सातही अक्षरं आहेत, पण हातातल्या टाइल्समधून तो लागणार नाही. दुसऱ्या रकान्यात भरलीत तर 'रिटेन्स' आणि 'नॅस्टिअर' मिळतील. दोन्हींत सातही टाइल्स संपतात, म्हणजे वरचे ५० गुण तुमचे.

स्पेलिंग बीमध्ये, म्हणजे दिलेल्या अक्षरांतून शब्द बनवायच्या खेळात, आणखी वेगळं. तिथे मधलं अक्षर हवंच, शब्द किमान चार अक्षरांचा हवा आणि एकच अक्षर कितीही वेळा वापरता येतं. अ‍ॅनाग्रॅमची, म्हणजे अक्षरांची अदलाबदल करून शब्द बनवणारी, साइट मात्र प्रत्येक अक्षर एकदाच मोजते. बी, ए, एन एवढीच तीन अक्षरं भरलीत तर 'बनाना' ती कधीच दाखवणार नाही.

टी आणि एच हवेत म्हणून दोन्ही जोडून लिहिणंही महागात पडतं. काही साइट्स ते अक्षरं सलग असण्याची अट म्हणून घेतात, मग 'दॅट' मिळतो आणि 'हॉट' गायब होतो.

यापुढची चूक खास आपली आहे. मराठी आपण बरीचशी ऐकल्यासारखी लिहितो आणि तीच सवय इंग्रजी शब्द आठवतानाही आड येते. 'फ' ऐकू आला की डोक्यात एफ येतो, पण 'फोटो'त पी-एच आहे आणि 'लाफ'मध्ये जी-एच. 'नाइफ'मधला के ऐकूच येत नाही. 'क्यू', म्हणजे रांग, कानाला एकच अक्षर आणि कागदावर पाच: क्यू, यू, ई, यू, ई. म्हणून शब्द उच्चारून शोधू नका, लिहून शोधा. पाचही स्वर राखाडी झाले तरी हात टेकू नका. वाय राहिलाय ना? 'निम्फ' (एन, वाय, एम, पी, एच) आणि 'ट्रिस्ट' (टी, आर, वाय, एस, टी) त्याच्यावरच उभे आहेत.

शब्द सापडला पण खेळात चालला नाही, तर शब्दकोश तपासा. स्क्रॅबलमध्ये उत्तर अमेरिकेची यादी वेगळी आणि कॉलिन्स या ब्रिटिश शब्दकोशाची वेगळी. 'झो' (झेड, ओ), म्हणजे याक आणि गाय यांचा संकर, कॉलिन्समध्ये चालतो, अमेरिकेच्या यादीत नाही. 'ओके' अमेरिकेच्या स्क्रॅबल शब्दकोशात आला तोच २०१८ साली. वर्डलचं स्पेलिंग अमेरिकन आहे. २०२२ च्या जानेवारीत 'फेव्हर' हे उत्तर यूशिवाय आलं होतं.

आणि शेवटची चूक म्हणजे यादी बरोबर मिळूनही एकेक शब्द टाकत सुटणं. वर्डलच्या तीन ओळी झाल्या आहेत आणि शेवटची चार अक्षरं ए, टी, सी, एच अशी हिरवी आहेत. पहिल्या जागी बी, सी, एच, एल, एम, पी, डब्ल्यू यांपैकी काहीही बसतं: बॅच, कॅच, हॅच, लॅच, मॅच, पॅच, वॉच. सात शब्द आणि संधी तीनच. इथे उत्तर नसलेला शब्द मुद्दाम टाका: 'क्लॅम्प'. सी हिरवा झाला तर कॅच. एल, एम किंवा पी पिवळा झाला, म्हणजे शब्दात आहे पण दुसऱ्या जागी, तर तोच पहिला. यातलं काहीच नाही, तर बॅच, हॅच, वॉच उरतात. मग पाचव्या ओळीत 'ब्लोन' (बी, एल, ओ, डब्ल्यू, एन): बीला रंग आला तर बॅच, डब्ल्यूला आला तर वॉच, दोघांनाही नाही तर हॅच. सहावी ओळ डोळे मिटून भरा. वर्डलच्या हार्ड मोडमध्ये, म्हणजे कठीण प्रकारात, मात्र हिरवी अक्षरं हलवता येत नाहीत, त्यामुळे हा डाव तिथे चालत नाही. तिथे टी, सी, एच एकत्र येताना दिसले की तिसऱ्याच ओळीत सावध व्हा.