फाइल डिलीट केली, तरी डिस्क भरलेलीच? फाइल धरून बसलेली प्रोसेस अशी शोधा

द्राक्षाचा हंगाम ऐन भरात आहे. पिंपळगाव बसवंतच्या एखाद्या पॅकहाउसमध्ये वजनकाट्याच्या नोंदी घेणारा लिनक्स सर्व्हर ‘डिस्क भरली’ म्हणून अडतो. कुणीतरी ३६ जीबीची लॉग फाइल उडवतं, पण जागा काही मोकळी होत नाही. कंटेनर दारात उभा असतो आणि ‘सरळ सर्व्हर रीस्टार्ट करा’ असा सल्ला मिळतो. थांबा. बहुतेक वेळा एकाच प्रोसेसला, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रॅमला, हात लावून काम भागतं.

युनिक्समध्ये (लिनक्सही त्याच घराण्यातलं) फाइल डिलीट करणारी ‘आरएम’ ही आज्ञा फक्त फाइलचं नाव पुसते. मजकूर कुठे आहे हे आयनोड, म्हणजे डिस्कवरची त्या फाइलची मूळ नोंद, सांभाळतो. नावं शून्य झाली आणि ती फाइल कोणत्याही प्रोसेसने उघडी ठेवली नसली, तरच जागा सुटते. आपल्या लॉगमध्ये प्रोग्रॅम अजून लिहितोच आहे, म्हणून ती अडकली आहे.

खालच्या आज्ञा टर्मिनलवर इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करा.

१. आधी खात्री करा

(‘सुडो’ म्हणजे आज्ञा अॅडमिनच्या अधिकाराने चालवणं.)

सुडो डीएफ -एच /
सुडो डीयू -एक्सएसएच /

पहिली आज्ञा डिस्कचा हिशेब सांगते, दुसरी नाव असलेल्या फाइल्सची बेरीज करते. दोन्हींत मोठी तफावत असेल, तर संशय बहुधा बरोबर आहे. तफावत नसेल, तर ‘डीएफ -आय’ने आयनोड संपलेत का ते बघा.

२. प्रोसेस शोधा

सुडो एलएसओएफ +एल१

इथला ‘एल१’मधला एल मात्र मोठा. याचा अर्थ, ज्यांच्या नावांची संख्या एकपेक्षा कमी आहे अशा उघड्या फाइल्स दाखव. सुडो विसरलात तर दुसऱ्यांच्या प्रोसेस दिसणार नाहीत.

समजा एका ओळीत जावा, पीआयडी २४१७, एफडी ४डब्ल्यू आणि आकार ३८६५४७०५६६४ असं आलं. म्हणजे २४१७ क्रमांकाच्या प्रोसेसने ४ क्रमांकाच्या डिस्क्रिप्टरवर (उघड्या फाइलला प्रोसेसने दिलेला क्रमांक, म्हणजेच एफडी) ३६ जीबीची फाइल लिहिण्यासाठी उघडी ठेवली आहे. हाच आपला लॉग. मात्र यादीतली प्रत्येक ओळ दोषी नसते. डेटाबेस तात्पुरत्या फाइल्स मुद्दाम अशाच ठेवतात, आणि ‘मेमएफडी’ लिहिलेल्या ओळी डिस्कवर नसतातच. एकच आयनोड क्रमांक अनेक ओळींत आला, तर फाइल एकच आहे. पण धरणारे अनेक आहेत आणि सगळ्यांनी सोडल्याशिवाय जागा येणार नाही.

३. मजकूर हवा असेल तर आत्ताच वाचवा

सुडो सीपी /प्रॉक/२४१७/एफडी/४ /एमएनटी/यूएसबी/जुना.लॉग

कॉपी दुसऱ्या डिस्कवरच करा. प्रोसेस बंद झाली की हा रस्ताही बंद होतो, म्हणून ही पायरी मी कधीच गाळू देणार नाही.

४. आता प्रोसेस सोडवा

‘सिस्टिमसीटीएल स्टेटस २४१७’ लिहिलं की ती प्रोसेस कोणत्या सेवेची हे कळतं. मग फक्त तीच सेवा रीस्टार्ट करा. एनजिनएक्स हा वेब सर्व्हर असेल, तर तेवढंही नको: ‘एनजिनएक्स -एस रीओपन’ दिलं की तो लॉग नव्याने उघडतो. सेवा नसेल, तर आधी ‘किल २४१७’ द्या आणि थोडा वेळ थांबा. प्रोग्रॅमला हातातलं काम आवरून बंद होता येतं. ‘किल -९’ हा शेवटचा उपाय. त्यात आवरायला वेळच मिळत नाही आणि अर्धवट नोंदी गमवाव्या लागू शकतात.

वजनं चालू आहेत आणि सेवा क्षणभरही बंद ठेवता येत नाही, असं असेल तर:

सुडो ट्रंकेट -एस ० /प्रॉक/२४१७/एफडी/४

प्रोसेस चालूच राहते, फाइल रिकामी होते. हे फक्त लॉगसाठी. डेटाबेसच्या फाइलवर चुकूनही वापरू नका.

५. पुन्हा होऊ नये म्हणून

चालू लॉग ‘आरएम’ने उडवू नका, ‘ट्रंकेट -एस ०’ने रिकामा करा किंवा जुने लॉग आपोआप बाजूला काढणारं लॉगरोटेट लावा. लॉग नव्याने उघडणं प्रोग्रॅमला जमत नसेल, तर लॉगरोटेटमध्ये ‘कॉपीट्रंकेट’ हा पर्याय आहे. त्यात कॉपी आणि रिकामं करणं यांच्या मधल्या क्षणातल्या काही ओळी हरवू शकतात, त्यामुळे हिशेबाच्या नोंदी अशा लॉगच्या भरवशावर ठेवू नका.