प्रवासापूर्वी बाळाचे अंगावरचे दूध तोडावे का?

आईला काही दिवस एकटीने बाहेरगावी जायचे असले, म्हणजे वर्ष-दीड वर्षाच्या बाळाचे दूध आधीच तोडावे लागते, असा समज सर्रास आढळतो. परंतु तीन-चार दिवसांच्या विरहानंतर अनेक मुले परतलेल्या आईजवळ पूर्ववत पिऊ लागतात, त्यामुळे केवळ प्रवास हे दूध तोडण्याचे पुरेसे कारण ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटना 2 वर्षांपर्यंत व त्यापुढेही स्तनपान सुचवते. तेव्हा प्रथम स्वतःला विचारावे: प्रवास नसता, तर मी आता दूध तोडले असते का?

उत्तर होकारार्थी असल्यास निदान महिना-दीड महिना आधी सुरुवात करावी आणि दर चार-पाच दिवसांनी एकच वेळ कमी करावी, त्यातही झोपेच्या वेळचे पाजणे शेवटी सोडावे, कारण मुलाला तेच सर्वांत प्रिय असते. निघण्याच्या आदल्या आठवड्यात घाईने तोडल्यास दूध साचून गाठी होतात, क्वचित स्तनदाह होऊन तापही येतो, आणि मुलाला दूध व आई या दोन्हींचा वियोग एकदमच सोसावा लागतो.

दूध चालू ठेवायचे असल्यास प्रवासात, छाती जड वाटू लागताच, हाताने किंवा पंपाने दूध काढावे. काढलेले दूध फ्रीजमध्ये 4 दिवस टिकते. मुलाला झोपवण्याचा सराव मात्र घरातल्या दुसऱ्या माणसाने आधीपासूनच करावा. खरी अडचण बहुधा भुकेची नसून झोपेची असते. मुले जुळी असल्यास दूध तोडण्याचा निर्णय दोघांसाठी वेगवेगळा असू शकतो.